तीन पूर्ण करण्यापुरती

सोनई, ५ मे २०२५

चि. रश्मी,

घरी सगळे बरे आहेत असं धरून चालतो, कारण काम तातडीचं आहे.

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात येईल. हल्ली आमच्या संस्थेत जो तो फोन रेकॉर्ड करतो. परवा शिपायाने प्राचार्यांचं बोलणं प्राचार्यांनाच ऐकवलं. व्हॉट्सॲपचं तर नावच काढू नकोस. पोस्टात मात्र अजून कुणी डोकावत नाही. तरी वाचून झालं की फाडून टाक.

तर आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या सहायक प्राध्यापकाची एक जागा निघाली आहे. जाहिरात तू पाहिली नसशील. ती कुणी पाहू नये अशाच पानावर दिली होती. जागा अध्यक्षसाहेबांच्या भाच्याला, रविराजला, द्यायचं ठरलं आहे. ठरलं म्हणजे त्याच्या साखरपुड्यात माइकवरून जाहीरच झालं. आता राहिली फक्त मुलाखत. तिथे अडचण एकच. समोर तीन उमेदवार बसल्याशिवाय विद्यापीठाकडून आलेला तज्ज्ञ सही करत नाही. एक रविराज. दुसरा नेवाशाचा करण. तो आमच्याकडेच तासावर शिकवतो, त्यामुळे त्याला नाही म्हणायची सोय नाही. तिसरी तू.

२० तारखेला सकाळी दहाला ये. तुला विशेष काही करायचं नाही. फक्त उत्तरं जरा आखडती दे. मागच्या वेळी तू सगळं घडाघडा सांगून टाकलंस आणि तज्ज्ञ तुझ्यावरच अडून बसले. त्यांची समजूत काढेपर्यंत साहेबांचं जेवण गार झालं. साडी साधी नेस. नाश्ता असतो. राहुरीच्या स्टँडवर गाडी पाठवतो.

पुढची जागा तुझी. साहेबांचा शब्द आहे.

तुझा प्रवीणदादा
(कार्यालयीन अधीक्षक)


देवळाली प्रवरा, ९ मे

प्रवीणदादा,

मावसबहिणीला लिहिलेल्या पत्राखाली हुद्दा टाकणारा आपल्या सगळ्या गोतावळ्यात तू एकटाच. पत्र मिळालं. फाडलं नाही, मागची बाजू कोरी आहे, किराणा लिहायला होईल.

साहेबांचा शब्द मला पाठ आहे. मागच्या वेळी 'पुढची जागा' माझी होती. ती पुढची जागा म्हणजे हीच. आता हिच्याही पुढची माझी. अशीच पुढे पुढे सरकत राहिले तर निवृत्तीच्या वयाला बरोबर पोचेन.

तुला वाटत असेल, मी फक्त तुझ्याकडेच तिसरी म्हणून येते. गैरसमज आहे. आता जिल्ह्यात माझं नाव झालंय. एका ठिकाणी तर शिपायाने 'नेहमीच्या मॅडम आल्या' म्हणून मला पहिला चहा दिला. दुसऱ्या एका ठिकाणी मी आत उत्तरं देत होते आणि बाहेर ठरलेल्या उमेदवाराचे पेढे वाटत होते. बाहेर आल्यावर मलाही एक मिळाला. चांगला होता.

व्हरांड्यात बसून बसून मला काही प्रश्न पडलेत. तू आत बसतोस, तुला ठाऊक असेल. माणूस आधीच ठरलेला असतो, तर 'तुम्हाला आमच्याच संस्थेत का यायचं आहे' हे आमच्या तोंडून कशाला वदवून घेता? जाहिरातीत 'अनुभव आवश्यक' म्हणता आणि तासावर शिकवल्याचा अनुभव धरत नाही. मग इतकी वर्षं वर्गात उभं राहून मी काय करत होते? आणि ज्याला येतं तो माणूस नकोच असेल, तर तसं सरळ छापत का नाही? आमचा तरी हेलपाटा वाचेल.

आता खरं लिहिते. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत मसाल्यांचे अर्क काढणारी एक कंपनी आहे. तिच्या प्रयोगशाळेत मला नोकरी मिळतेय. जूनअखेर हो की नाही ते कळवायचं आहे. मुलाखत त्यांनीही घेतली. मनुष्यबळ विभागातल्या एका कोवळ्या पोराने विचारलं, "मॅडम, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" मी म्हटलं, "पाच वर्षांपूर्वी पाहिलं होतं तिथेच. अजून पोचले नाही." त्याने ते लिहून घेतलं आणि मला निवडलं. का, ते मला विचारू नकोस.

पण दादा, मला शिकवायचं आहे. दर जूनला 'ह्या वर्षी बोलावणार ना' असं विचारत दारोदार न फिरता, माझ्या स्वतःच्या जागेवर उभं राहून शिकवायचं आहे. म्हणून एकदा स्पष्ट सांग. पुढची जागा खरंच आहे का? नसेल तर मी सुप्याला जाते. नवऱ्याचीही आडकाठी नाही. आदिनाथ म्हणतो, तिकडे खोली घे, शनिवारी घरी ये, ऊस काही पळून जात नाही.

२० तारखेला येईन. 'प्रवीणची लाज राख' म्हणून मावशीचा फोन आला होता. फक्त किती चुकायचं तेवढं कळव.

तुझी नेहमीची तिसरी,
रश्मी


सोनई, १३ मे

चि. रश्मी,

आईने आपणहून फोन केला. मी फक्त शेजारी उभा होतो.

निम्म्याला चूक. अगदीच ठार अडाणी वाटू नकोस, नाहीतर हिला बोलावलं कुणी असं तज्ज्ञ विचारतील. करणलाही तेच सांगितलं आहे. रविराजला दहा प्रश्न उत्तरांसकट आधी दिलेत. पोरगा मेहनती आहे. दहाच्या दहा उत्तरं क्रमाने पाठ केली. काल गाडीत मी म्हणून घेतली, एकदाही अडखळला नाही.

तज्ज्ञ ह्या वेळी नवीन आहेत. पुण्याच्या एक बाई येणार आहेत. कडक आहेत म्हणे, पण नाश्त्यानंतर सगळेच मऊ होतात.

सुप्याचं डोक्यातून काढ. कंपनी ती, आज आहे उद्या नाही. आपल्या क्षेत्रात कसं, माणूस एकदा चिकटला की चिकटला. तुझं नाव साहेबांच्या कानावर पुन्हा घातलं. साहेब म्हणाले, "कोन, ती लई बोलती ती?" म्हणजे लक्षात आहेस.

तुझा प्रवीणदादा
(का. अधीक्षक)


देवळाली प्रवरा, २१ मे

दादा,

काल निघताना तू गाडीआड जाऊन उभा राहिलास म्हणून बोलणं झालं नाही. वीज गेल्यामुळे सगळी दारं उघडी होती, तेव्हा व्हरांड्यात बसून करणने आणि मी सगळं ऐकलं. तू आत होतास खरा, पण मान वर करत नव्हतास. म्हणून काय झालं ते मीच सांगते.

बाईंनी नाश्ता घेतला नाही, तिथेच तुझा बेत फिसकटला. मग त्यांनी तुमच्या कागदावरचा चौथा प्रश्न पहिला विचारला. रविराजने पहिलं उत्तर दिलं. बाई म्हणाल्या, "पाणी मुळांकडून शेंड्यापर्यंत कसं चढतं?" तो म्हणाला, "याचे एकूण सात प्रकार पडतात." बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, तर तो दुसऱ्या उत्तरावर गेला. गाडीत म्हणून घेताना तू मधला एखादा प्रश्न विचारून बघायला हवा होतास.

मग बाईंनी तो कागद बाजूला सारला, खिडकीतून हात घालून एक डहाळी तोडली आणि टेबलावर ठेवली. "हे काय आहे?" रविराज म्हणाला, "पाला."

करण आत गेला, म्हणाला, "शेवगा असावा." घाम पुसत बाहेर आला. मग मी गेले. डहाळी पाहिली. कडुनिंब. पाडव्याला घरोघरी गुळाबरोबर खातात तो कडुनिंब. निम्म्याला चूक असं तू लिहिलं होतंस, पण मी बरोबर सांगितलं असतं तर तुझा रविराज उघडा पडला असता. मी म्हटलं, "सुबाभूळ."

तिघांपैकी एकालाही कडुनिंब ओळखता आला नाही. आम्ही दोघं मुद्दाम, तो मनापासून.

बाईंनी मला विचारलं, "तुम्ही शिकवता?" मी हो म्हटलं. "मुलांना?" एवढं म्हणून त्या चष्मा पुसायला लागल्या. दादा, मला आजवर पुष्कळांनी नाकारलं, पण माझी कीव कुणी केली नव्हती. घरी येईपर्यंत मी गाडीत रडत होते. तुमचा ड्रायव्हर बिचारा राहुरीला थांबलाच नाही, थेट दारापर्यंत सोडून गेला.

'एकही उमेदवार योग्य नाही' असा शेरा पडला म्हणे. माझ्या नावापुढे तो खोटा आहे, आणि तो मीच पाडून घेतला, तुझ्या शब्दाखातर. आता पुरे. सुप्याला हो कळवते. तिसरी दुसरी कुणी बघ.

रश्मी


सोनई, १४ जून

चि. रश्मी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं. आजही नाही, पण बातमी अशी आहे की राहवत नाही.

विद्यापीठाने कळवलं आहे की महिनाअखेर जागा भरली नाही तर वनस्पतिशास्त्राचे प्रवेश बंद. मुलाखत घ्यायला त्याच बाई येणार आहेत. रविराज म्हणतो, "मामा, मला पेट्रोलपंपच बघा." साहेबांनी मला घरी बोलावलं. झोपाळ्यावर बसून म्हणाले, "प्रवीण, त्या बाईला शिकवनारं मानूस पायजे म्हनं. आता आपल्याकडं असलं मानूस कुठून आनायचं? तुजी ती लई बोलनारी भैन हाय का अजून मोकळी?"

रश्मी, तू ठरलीस. ह्या वेळी खरोखर तूच ठरलीस. साहेबांनी चहा पिता पिता सांगितलं, म्हणजे पक्कं. सुप्याला अजून कळवलं नसशील तर कळवू नकोस, कळवलं असशील तर फिरव.

मुलाखत २५ तारखेला. राहिली तीच अडचण, तीन उमेदवारांची. करण येत नाही. शेवग्यावरून गल्लीतली पोरं अजून त्याला छेडतात. तेव्हा बाकीच्या दोघी तूच घेऊन ये. तुझ्यासारख्या तुझ्या ओळखीत पुष्कळ असतील. साड्या साध्या. नाश्ता असतो. कमी बोलणाऱ्या बघ, आणि पुढच्या जागेचं काहीतरी सांगून ठेव, म्हणजे येतात.

कडुनिंबाचं बाईंनी काढलंच, तर त्या दिवशी अंगात ताप होता म्हण.

तुझा प्रवीणदादा
(ह्या वेळी हुद्दा टाकलेला नाही, बघ.)


देवळाली प्रवरा, १८ जून

दादा,

पत्र वाचलं, रडले, आदिनाथला शेतातून बोलावून घेतलं, आणि ह्या सगळ्यात दूध उतू गेलं. तुला आधी एक कबूल करते. सुप्याला मी हो कळवलंच नव्हतं. मेल लिहून तयार होता, पाठवायला हात धजत नव्हता. तुझ्यावर एवढी चिडले होते, तरी मनातून तुझ्याच पत्राची वाट बघत होते. इतका राग आला मला माझा!

मग दोन उमेदवार शोधायला बसले. एक ज्योती, राहात्याची. आणि दुसरी सुकन्या. सुकन्या श्रीरामपूरला असते, माझ्यासारखीच तासावर शिकवते, माझ्यासारखीच नेहमीची तिसरी. आमची ओळखच एका मुलाखतीच्या व्हरांड्यात झाली. तिला तुझ्याच पद्धतीने पत्र लिहायला घेतलं, आणि काय हात चालला म्हणून सांगू! 'तुला विशेष काही करायचं नाही. साडी साधी नेस. नाश्ता असतो. पुढची जागा तुझी.' लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. खाली 'कार्यालयीन अधीक्षक' एवढंच लिहायचं राहिलं होतं.

तुझं एकही पत्र मी फाडलं नाही, हे मात्र फाडलं.

मग दोघींना फोन केला. कुणी रेकॉर्ड करत असेल तर करू दे. म्हटलं, जागा खरी आहे, बाईही खऱ्या आहेत, तयारी करून या. माझं नाव ठरलंय हेही सांगितलं. सुकन्या हसायला लागली. "अगं, मग मी तयारी कशाला करू?" मी म्हटलं, "कर तरी. एकदा करून बघू या, काय होतं ते."

तुला बरं वाटावं म्हणून नाही, पण हेही लिहिते की मला भीती वाटतेय. सुकन्या चांगली शिकवते.

रश्मी


सोनई, २१ जून

रश्मी,

तू शुद्धीवर आहेस ना? ठरलेल्या उमेदवाराने बाकीच्यांना तयारी करून यायला सांगितलं, असं मी माझ्या सगळ्या नोकरीत ऐकलेलं नाही. त्या दोघींना ताबडतोब कळव, निम्म्याला चूक! साहेबांना मी यातलं काही बोललो नाही. बोललो तरी त्यांना ते समजणार नाही. आई तुझ्यासाठी देव पाण्यात घालून बसली आहे. निदान तिचा विचार कर.

प्रवीणदादा


सोनई, २६ जून

चि. रश्मी,

निकाल तुला फोनवर कळला असेलच. तुम्ही तिघी गेल्यावर काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितो.

आधी तुझं. बाईंनी पुन्हा तशीच डहाळी पुढे केली तेव्हा मी कपाळाला हात लावून तुला तापाची खूण करत होतो. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. "कडुनिंब," म्हणालीस. "मागच्या वेळीही कडुनिंबच होता." बाईंनी विचारलं, "मग तेव्हा?" आणि तू शांतपणे सांगितलंस, "तेव्हा मी मुलाखतीला आले नव्हते, बाई. तीन पूर्ण करायला आले होते." माझ्या हातातला चहा साहेबांच्या पांढऱ्या पँटवर सांडला, तो डाग गेलेला नाही.

पण बाई रागावल्या नाहीत. उलट त्यांनी तुझं नाव पुन्हा विचारून घेतलं. मला वाटलं, जमलं.

मग त्यांनी तुम्हा तिघींना एकच प्रश्न विचारला. वर्ग भरलेला आहे, सूक्ष्मदर्शक एकच, तर पेशी कशी शिकवाल? ज्योती गडबडली. तू पेशीचा शोध कुणी लावला तिथपासून सुरुवात केलीस; बरोबर बोललीस, पण साहेबांना डुलकी लागली. सुकन्या तिसरी आली. तिने कॅन्टीनमधून कांदा मागवला, त्याचा पातळ पापुद्रा सोलून काचेवर पसरला, साहेबांचाच मोबाईल मागून घेतला, कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंब सोडला आणि त्यातून साहेबांना पापुद्रा दाखवला. साहेब एकदम जागे झाले. "आरं, कांद्याला खोल्या असत्यात व्हय? मी आजवर नुसता भावच बगितला." मग त्यांनी तिला प्रश्न विचारले. मुलाखतीत साहेबांनी स्वतःचा प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच पाहिला. कागद पुढे आला तेव्हाही ते मोबाईलमध्येच बघत होते, तशीच सही केली.

चार वाजता मला आत बोलावलं. "तुजी भैन कंची?"

"दुसरी, साहेब."

"मंग घेतली कोन?"

"तिसरी."

"का?"

"तिला जास्त येतं म्हणाल्या बाई."

साहेबांनी टेबलावरचा कांदा फिरवून पाहिला. "तेवढ्यावर?" म्हणाले. मग म्हणाले, "आन आपन सही केली?"

"तुम्हीच पहिली केलीत, साहेब."

कांदा अजून त्यांच्या टेबलावर आहे.

रश्मी, हातातली जागा तू घालवलीस. मला फार वाईट वाटतंय. निम्मं तुझ्यासाठी, निम्मं माझ्यासाठी, हे तुला माहीतच आहे. पुढच्या जागेबद्दल मी काही लिहीत नाही.

प्रवीणदादा


सुपा, ६ जुलै

दादा,

रुजू झाले. दिवसभर हळद आणि मिरची. केसांना वास येतो, आदिनाथ म्हणतो शनिवारी घरात मसाला कुटल्यासारखं वाटतं. गळ्यात ओळखपत्र आहे, त्यावर नाव बरोबर आहे.

परवा मनुष्यबळ विभागातल्या त्याच पोराने मला मुलाखतीला बसवलं, टेबलाच्या ह्या बाजूला. प्रयोगशाळेत मदतनीस घ्यायचा होता. तीन जण आले होते. मी त्याला विचारलं, "ह्यातला ठरलेला कोणता?" तो म्हणाला, "छे छे, मॅडम, आपल्याकडे तसलं काही नसतं." जरा वेळाने खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "दुसरा. वरच्या साहेबांच्या ओळखीतला आहे." मी तिघांना सारखंच विचारलं आणि पहिल्याला सगळ्यात जास्त गुण दिले. कुणाला घेतलं ते अजून समजलेलं नाही. म्हणजे तुझ्या क्षेत्रातून बाहेर पडले असं मला उगाच वाटत होतं.

तुला वाईट वाटलं असं लिहिलंस. मलाही वाटलं, दादा. मोठेपणाचा आव आणत नाही. सुकन्याचा फोन मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलून रडत रडतच अभिनंदन केलं, आणि पलीकडे तीही रडत होती. ती जागा मला हवी होती, अजूनही हवी आहे. वर्गाच्या वेळेला हात आपोआप खडू शोधतो.

पण एक सांगते. आजवर मी किती ठिकाणांहून रिकाम्या हाताने परत आले, तरी त्यातल्या एकाही ठिकाणी हरले नव्हते. मला कुणी मोजलंच नव्हतं. ह्या वेळी त्या बाईंनी माझं ऐकलं, सुकन्याचं ऐकलं आणि तिला घेतलं. त्या खुर्चीत मी असते तर मीही तिलाच घेतलं असतं. मी हरले, दादा. मुलाखतीत हरले ती ही पहिलीच. फार लागलं, पण ते माझं मला लागलं, कुणाच्या भाच्यासाठी नाही.

मावशीला म्हणावं, देव पाण्यातून बाहेर काढ.

सुकन्या पुढच्या सोमवारी तुमच्याकडे रुजू होतेय. साहेबांच्या काचेच्या कपाटात ढालींशेजारी सूक्ष्मदर्शक ठेवलेला असतो, त्याची किल्ली तिला पहिल्याच दिवशी दे. आणि तिला नाश्ता दे. त्या दिवशी तिने पोह्यांना हात लावला नव्हता. तिला वाटलं, ते ठरलेल्या उमेदवारासाठी असतील.

रश्मी